कुंपणाबाहेरची कबर

नकाशात कबर घालायला फिलगोनाला फार वेळ लागत नसे. केफा आणि त्याची माणसं रानातून मोजणी करून येत, यंत्रातले बिंदू कम्प्युटरवर उतरवत, आणि पडद्यावर आधी नुसते ठिपके दिसत. कुठला ठिपका कशाचा ते केफाने आखूड शब्दांत लिहिलेलं असे. झाड, विहीर, विजेचा खांब, कबर. त्या त्या ठिपक्यावर फिलगोना चिन्ह ठेवायची. झाडाला दातेरी वर्तुळ, विहिरीला वर्तुळात वर्तुळ, कबरीला लांबट चौकट आणि आत क्रूस. चिन्ह ठेवताना कम्प्युटर विचारतो, कुठे ठेवू, केवढं ठेवू, किती फिरवून ठेवू. दुसऱ्या ऑफिसांतले लोक सगळ्या कबरी एकाच दिशेला ठेवून मोकळे होत. फिलगोना तसं करत नसे. घराचं दार कुठल्या अंगाला आहे ते बघून ती चौकट फिरवायची. पुरुष दाराच्या उजव्या बाजूला झोपतो, बाई डाव्या, आणि नकाशा गावात पसरला की म्हातारे आधी तेच बघतात.

रबुओर साहेबांचं हे मोजणीचं ऑफिस किसुमूत, बसस्टँडच्या मागे होतं. खाली मासे तळणारीची भट्टी, त्यामुळे वर कागदालासुद्धा तेलाचा वास. हल्ली सगळं काम नव्या रस्त्याचं चाललं होतं. रस्त्याच्या पट्ट्यात कबर आली की सरकार ती हलवायचा खर्च देतं, घरच्यांना थोडी सवड देतं, मेलेल्याला रीतीने उचलून दुसरीकडे निजवता येतं. पण हे सगळं नकाशावर चिन्ह असेल तर. चिन्ह नसेल तर तिथे कोणी नाही, आणि बुलडोझर सरळ पुढे जातो.

त्या दिवशी केफाने आणलेले बिंदू उघडले आणि फिलगोनाचा हात माऊसवरच राहिला. तुटक रेषेतलं गोल कुंपण, आत तीन घरं, गुरांचा गोठा. तिच्या वडिलांचं घर. रस्ता नदीकडून जाणार असं सगळे धरून चालले होते, पण मध्ये बिशपचं चर्च येत होतं म्हणून आखणी इकडे सरकली होती. रस्त्याची कडा कुंपणाला जवळजवळ घासून जात होती. कुंपणाच्या आत दोन कबरी होत्या, आजोबांची आणि आजीची. बाहेर काही नव्हतं.

"केफा, हे जकायो ओबुयाचं घर ना?"

"हो ताई. तुझेच वडील. फार कडक म्हातारा. मला बसायला स्टूलसुद्धा दिलं नाही."

"कबरी कुणी दाखवल्या?"

"त्यांनीच. मी विचारलं, म्झे, म्हातारबाबा, अजून कुठे कोणी आहे का? तर काठी आपटून म्हणाले, दोनच. मी म्हटलं, बाहेर, शेताकडे? म्हणाले, तुला ऐकू येत नाही का, दोनच." केफा हसला. "तुमच्या घरी जावई म्हणून जायची हिंमत कोणी कशी केली असेल, देव जाणे."

फिलगोना हसली नाही. केफाने एकदा तिच्याकडे, एकदा पडद्याकडे पाहिलं आणि चहा आणायला खाली निघून गेला.

सेवे तिचा थोरला भाऊ. साखर कारखान्यातून सुट्टीला आला होता. दोन-चार दिवस घरात बसून राहिला, कुणाशी बोलला नाही, आणि एका दुपारी शेताच्या टोकाच्या झाडाला लटकलेला सापडला. का, ते कुणाला कळलं नाही. कळून घ्यायचंच नव्हतं. अशा मरणाची रीत वेगळी. बाबांनी प्रेताला फोकाने मारलं, कारण तसं करावंच लागतं, नाहीतर मेलेला घरात परत येतो. झाड तोडून मुळापासून जाळलं. कुंपणाच्या शेराच्या झाडांना बाहेरून लागून खड्डा केला आणि त्याला आत टाकलं. मातीचा उंचवटा केला नाही. कुणी रडलं नाही, रडायची बंदीच. आई तोंडात पदर कोंबून चुलीपाशी बसली होती. तोवर गाव तिला मिन सेवे म्हणत असे, सेवेची आई. दुसऱ्या दिवसापासून ती मिन फिलगोना झाली. त्या मुलाचं नाव नंतर घरात कुणाला ठेवलं नाही, कुणाच्या तोंडी आलं नाही. फिलगोना तेव्हा लहान होती. पुढे ती किसुमूला वसतिगृहात गेली, आणि सुट्टीला घरी आली तरी त्या अंगाला बघत नसे. घरात कुणीच बघत नसे.

रविवारी ती गावी गेली. बाबा अंगणात जाळ्याचे टाके भरत बसले होते. तिने पायांपाशी साखरेची पुडी ठेवली.

"ऑफिसचा नकाशा मी करतेय बाबा. रस्ता कुंपणाच्या बाहेरून जाणार."

"मग बरंच झालं. घर वाचलं."

"बाहेर जो आहे त्याचं काय?"

बाबांची सुई थांबली नाही. "बाहेर ज्वारी आहे."

"बाबा, बुलडोझर येणार. हाडं वर येतील. कुत्री..."

"फिलगोना." त्यांनी जाळं खाली ठेवलं. "चिन्ह काढलंस की सभेत नाव विचारणार. कोण, कुणाचा, कधी मेला. ते नाव मी घ्यायचं? मग त्याला उचलून कुठे ठेवायचं? माझ्या दारात? जारेदची दोन पोरं मातीत गेली. अजून एक पाठीवर आहे, बघ. त्यालाही तो नेईल."

धाकटा भाऊ जारेद दारातच उभा होता. त्याच्या बायकोने बाळाला पाठीवरून पुढे घेतलं आणि ती घरात निघून गेली. फिलगोनाला राग आला होता, पण बाबांच्या डोळ्यांत कडकपणा नव्हता. भीती होती. म्हाताऱ्या माणसाची, हातापायात उतरलेली भीती.

आईने तिला मटाटू मिळतो तिथपर्यंत सोबत केली. वाटभर शेंगदाण्याचं, शेजारणीच्या गुडघ्याचं बोलत होती. गाडी दिसली तेव्हा तिने फिलगोनाचं मनगट धरलं.

"तू काढ ते चिन्ह."

"सभेत नाव कोण सांगणार? बाबा सांगणार नाहीत."

"मी काय मुकी आहे?"

सोमवारी फिलगोनाने नकाशा उघडला. त्या जागेला ठिपका नव्हता. तिथे मोजणीच झाली नव्हती. तिने कुंपणाच्या पश्चिमेकडचा कोपरा मोठा करून घेतला. शेराच्या हिरव्या काठ्या, त्यांच्या मुळाशी उकरलेली लाल माती, असं तिला लख्ख आठवत होतं. कुंपणाला लागून, त्याच्याच रेषेत निजवलेला. चिन्हांच्या पेटीतून तिने चौकट उचलली. कुठे? कुंपणाच्या रेषेला चिकटून, बाहेर. केवढं? बाकीच्या कबरींएवढंच. किती फिरवून? इथे दार नव्हतं. तिने कुंपणाच्या रेषेप्रमाणे फिरवलं आणि बोट दाबलं.

संध्याकाळी केफा पडद्यापाशी येऊन उभा राहिला.

"ही माझी नाही."

"माहीत आहे."

"साहेबांनी विचारलं तर?"

"तू सांग माझी नाही. मी सांगेन माझी आहे."

केफाने डोकं खाजवलं. "ताई, मी असं सांगेन की म्हाताऱ्याच्या धाकाने लिहायचं राहिलं. त्यावर कुणाचाही विश्वास बसेल." आणि तो गेला. नकाशा छापून गेला तेव्हा त्यासोबतच्या यादीत जकायो ओबुयाच्या घरी कबरी तीन झाल्या होत्या.

चीफने सभा आंब्याखाली बोलावली. रस्त्याच्या ऑफिसचा कारकून घरागणिक वाचत होता: कुणाची विहीर, कुणाची केळी, कुणाचे किती मेलेले. लोक ऐकत होते, मध्येच कुणीतरी आपल्या आजीची जागा चुकली म्हणून भांडत होतं. फिलगोना रबुओर साहेबांच्या बरोबर मागे उभी होती.

"जकायो ओबुया. कबरी तीन."

बाबा उठले. "दोन."

"म्झे, नकाशात तीन आहेत."

"दोन."

"कम्प्युटर चुकत नाही म्हणतात जकायो," मागून कुणीतरी ओरडलं, आणि थोडे लोक हसले.

"मग कम्प्युटरला विचारा कोण मेलंय," बाबा म्हणाले. आता जास्त लोक हसले. चीफने हात वर केला आणि कारकुनाला म्हणाला, एक खोडून टाक. कारकुनाने पेन काढलं.

बायकांच्या बाजूने आई उभी राहिली. बायका सभेत उभ्या राहत नाहीत असं नाही, पण आई कधी राहिली नव्हती.

"सेवे," ती म्हणाली. "माझा मोठा मुलगा. कुंपणाबाहेर आहे. लिहा."

कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने टोपी काढली, मग काय करावं ते न कळून परत घातली. बाबा खाली बसले नाहीत. तसेच काठीवर हात ठेवून उभे राहिले, आणि सभा संपून सावली सरकली तरी तिथेच होते. जारेदने त्यांना धरून घरी नेलं.

खणायच्या दिवशी पलीकडच्या कुळातली माणसं आणली होती. अशा कबरीला घरच्याने हात लावायचा नसतो. दोन धिप्पाड भाऊ, कुदळी घेऊन, सकाळीच थोडी चांगाची दारू पोटात घालून आलेले. रस्त्याचा इंजिनिअर तरुण होता, नैरोबीकडचा, सतत घड्याळ बघणारा. बुलडोझर शेजारच्या केळीत येऊन थांबला होता, आणि त्याचा चालक सावलीला पाय पसरून बसला होता. केफाने यंत्र मांडलं, नकाशातल्या चिन्हाची जागा जमिनीवर शोधली आणि चार खुंट्या ठोकल्या. कुंपणाला चिकटून.

ते खणत गेले. गुडघाभर झालं. मांडीभर झालं. माती लाल, घट्ट, दगडासारखी निघत होती. एकाने कुदळ टेकवून फिलगोनाकडे पाहिलं.

"बाई, ही माती कुणी कधी हलवलेलीच नाही. ही अशीच आहे आदमाच्या काळापासून."

"थोडं अजून," ती म्हणाली.

कमरेपर्यंत गेले. मग दोघे बाहेर आले आणि काठावर बसले.

"सरकार खर्च देतं म्हटल्यावर लोक मेलेले जन्माला घालतात," धाकटा म्हणाला. मोठा हसला. इंजिनिअर हसला नाही. त्याने रबुओर साहेबांना फोन लावला आणि थोडं लांब जाऊन बोलू लागला.

फिलगोना कुंपणाकडे बघत होती. शेर दाट होता, उंच, जुना वाटणारा. पण कोपऱ्याच्या मुळापाशी काही तरी वेगळं होतं. गोठ्याची भिंत कुंपणाला टेकली होती. लहानपणी गोठ्याच्या आणि कुंपणाच्या मधल्या जागेत ती आणि सेवे लपाछपी खेळायचे. तिथून बकऱ्या जायच्या. आता तिथे हातही शिरला नसता. गोठा तोच होता, त्याच दगडांचा.

ती घराकडे धावली. बाबा दारात स्टुलावर होते.

"बाबा, कुंपण तुम्ही सरकवलंत?"

त्यांनी वर पाहिलं.

"सांगा ना! मी गेल्यावर सरकवलंत? आत घेतलंत?"

"तू किसुमूला गेलीस त्या साली." आवाज अगदी खाली होता. "तो फार जवळ होता. रात्री मला शेराच्या काठ्या वाजताना ऐकू यायच्या. उपटून आत लावलं सगळं."

"जुनं कुंपण कुठे होतं?"

बाहेर बुलडोझरचं इंजिन एकदा घुरघुरून बंद झालं. मग त्यांनी काठी घेतली आणि उठले. जारेद आडवा आला, "बाबा, तुम्ही नका जाऊ, घरच्याने तिथे जायचं नाही असं तुम्हीच म्हणाला होतात," पण त्यांनी त्याला हाताने बाजूला केलं. सभेनंतर पहिल्यांदाच ते कुंपणाबाहेर येत होते.

शेतात ज्वारीची धसकटं उभी होती. बाबा चालत गेले, थांबले, मागे वळून गोठा बघितला, परत थोडे पुढे गेले. काठी टेकवली.

"इथे."

भावांनी तिथे खणलं. वरची माती मऊ निघाली, खाली तीच घट्ट लाल. काही नाही.

"मग इकडे," बाबा म्हणाले. तिथेही काही नाही. तिसऱ्या जागी त्यांनी काठी टेकवली तेव्हा भावांनी एकमेकांकडे पाहिलं. मग बाबांनी एकाच्या हातातली कुदळ घेतली. घरच्याने खणायचं नसतं हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. कुणी अडवलं नाही. म्हाताऱ्या माणसाने चार-सहा घाव घातले आणि तो गुडघ्यांवर बसला.

"नांगरलं मी," ते म्हणाले, कुणाला असं नाही. "दर साली. आधी उभं, मग आडवं. ओळ दिसू नये म्हणून. खूण राहू नये म्हणून. दगड होता एक त्याच्या डोक्याशी, तोही नदीत टाकला. मला आठवू नये म्हणूनच केलं ना हे सगळं."

"मग आता आठवा!" फिलगोना ओरडली. तिला स्वतःचा आवाज ओळखू आला नाही.

"नाही आठवत, पोरी."

इंजिनिअर फोन घेऊन तिच्याजवळ आला. फोनवर रबुओर साहेब होते.

"फिलगोना, चिन्हाखाली काय मिळालं?"

"जागा चुकली साहेब. कुंपण सरकवलं होतं. अजून एक दिवस मिळाला तर..."

"तिथे मोजणीच झाली नव्हती. तू आठवणीने काढलंस." ते चिडलेले नव्हते; दमलेले होते, आणि ते जास्त वाईट होतं. "माझी सही आहे त्या कागदावर. बाकी चिन्हांवर आता कोण विश्वास ठेवील? दुसऱ्या घरांचे खरे मेलेले लोक खोटे ठरतील. केफाच्या गाडीत लॅपटॉप आहे. काढून टाक आणि नवा कागद इंजिनिअरला दे. त्याशिवाय तो हलणार नाही, आणि तो हलला नाही तर उद्या आपलं ऑफिस हलेल."

केफाने पिकअपच्या बॉनेटवर लॅपटॉप उघडून ठेवला. तो तिच्याकडे बघत नव्हता. उन्हात पडदा धड दिसत नव्हता. तिने अंगावरचं लेसोचं कापड ओढून डोक्यावर आडोसा केला. तुटक रेषेतलं कुंपण, त्याला चिकटलेली चौकट, आत क्रूस. एवढं छोटं. सगळा गाव तिच्या पाठीशी उभा होता. तिने चौकटीवर बाण नेला. चौकट उजळली. तिला वाटलं, काढायच्या आधी एकदा ती शेतात सरकवावी, बाबांनी दाखवलेल्या पहिल्या जागी, नाहीतर दुसऱ्या, नाहीतर तिसऱ्या. कुठल्या? पूर्ण शेतभर चौकटी ठेवल्या असत्या तरी एकही खरी असेल याचा भरवसा नव्हता.

तिने कळ दाबली.

"झालं?" इंजिनिअरने विचारलं.

"झालं."

बुलडोझरच्या चालकाने कपडे झटकले आणि तो वर चढला. त्याने केळीकडून सुरुवात केली. शेतापर्यंत यायला त्याला बराच वेळ लागणार होता, पण येणार होता.

आई तोवर कुठेच दिसली नव्हती. ती आली तेव्हा तिच्या डोक्यावर यागोचं फळ होतं, लांबट, राखाडी, दोन हातांत न मावणारं. सरोवरात कुणी बुडून प्रेत हाती लागलं नाही की त्याच्या जागी यागो पुरतात. गावातल्या सगळ्यांनी कधी ना कधी पुरलेला होता. पण टोपीवाला म्हातारा पुढे आला.

"मिन फिलगोना, हे बुडालेल्यांसाठी असतं. हा तसा नव्हता."

"हाही सापडत नाही," आई म्हणाली. "आणि मी मिन सेवे आहे."

म्हातारा बाबांकडे बघू लागला. सगळेच बघू लागले. बाबा अजून खड्ड्यापाशी बसले होते, गुडघ्यांना माती लागलेली. आईने त्यांच्यासमोर फळ खाली ठेवलं, बाळाला ठेवतात तसं, हळू.

"कुठे पुरू ते सांग. आत की बाहेर?"

जारेदची बायको कुंपणाच्या फटीत उभी होती, बाळाला घट्ट धरून. बाबांनी तिला पाहिलं. फिलगोनाने बाबांना तिच्याकडे पाहताना पाहिलं, आणि उत्तर काय येणार ते तिला कळलं.

"बाहेरच," बाबा म्हणाले. "पण कुंपणाला लागून. रस्त्याची कडा सोडून."

आईने वाद घातला नाही. पहिला खड्डा रस्त्याच्या पट्ट्यात येत होता; कोपरा सोडून पुढे जागा थोडीच होती, शेराच्या मुळांच्या आणि रस्त्याच्या खुंट्यांच्या मध्ये, एक माणूस आडवा मावेल एवढी. त्या दोघा भावांनी न सांगता तिथे खड्डा केला. आईने स्वतःच्या अंगावरचं फडकं काढून फळाला गुंडाळलं. जारेदने ते खाली ठेवलं. खणणाऱ्यांतल्या मोठ्याने माती ओढली. मातीचा उंचवटा झाला. बाबांनी उंचवटा करू नका असं म्हटलं नाही.

शेजारच्या बायका हात छातीशी धरून थांबल्या होत्या. रडायला आईने सुरुवात करायची असते, मग बाकीच्या सूर धरतात. पण या मुलासाठी रडायची बंदी अजून कुणी उठवली नव्हती. आई बाबांकडे बघत होती.

बाबा काठीच्या आधाराने उठून जवळ आले होते. त्यांनी टोपी काढली.

"रड," ते म्हणाले. "रड आता."

आईने तोंड उघडलं. मान मागे टाकली, हात डोक्यावर नेले, जसं प्रत्येक मयताला इतकी वर्षं केलं होतं, दुसऱ्यांच्या मुलांसाठी, दिरांसाठी, नणंदांसाठी. आवाज निघाला नाही. तिने पुन्हा श्वास घेतला. बायका वाट बघत राहिल्या. मागे बुलडोझर केळीतून बाहेर पडून ज्वारीच्या धसकटांत शिरला होता, आणि तेवढाच आवाज होता.

"येत नाही," आई शेवटी म्हणाली. तिने आश्चर्याने फिलगोनाकडे पाहिलं. "येतच नाही गं."

फिलगोनाने तिला धरलं. आईचं अंग कोरडं आणि हलकं होतं. त्या दोघी तशाच उभ्या होत्या आणि बाबा टोपी हातात घेऊन त्यांच्याशेजारी, आणि बायकांपैकी एकीनेही सूर धरला नाही.